इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ कसा शोधावा

ऐरोली-महापे परिसरातील कार्यालयांत काम करणाऱ्या मराठी मंडळींना इंग्रजीचे व्याकरण सहसा अडवत नाही. अडवतात ते वाक्प्रचार, कारण त्यांतला प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही संपूर्ण वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. शब्दशः अर्थ प्रसंगाशी जुळेनासा झाला की तेथे वाक्प्रचार असावा असे धरून चालावे आणि बोलणारा होकार देत आहे, नकार देत आहे की काम लांबणीवर टाकत आहे, एवढेच प्रथम ठरवावे.

त्यानंतर तो वाक्प्रचार कोणत्या क्षेत्रातून आला, हे पाहावे. अर्थ कायमचा लक्षात राहण्यासाठी याहून भरवशाचा मार्ग मला माहीत नाही. क्रिकेटमधून आलेले वाक्प्रचार आपल्याला सहज उमगतात. ‘स्टिकी विकेट’ म्हणजे अवघड परिस्थिती, हे ओल्या खेळपट्टीवर खेळलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकी सहकाऱ्यांच्या बोलण्यात मात्र बेसबॉल डोकावतो आणि तो खेळ आपल्या मैदानांवर क्वचितच दिसतो. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा आणि ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे. जेवणाच्या आमंत्रणावर कोणी ‘आय विल टेक अ रेन चेक’ असे म्हटले, तर जुलै महिन्यात नवी मुंबईतल्या माणसाला बाहेरचा पाऊसच आठवेल. वास्तविक १९व्या शतकात पावसामुळे बेसबॉलचा सामना रद्द झाला, की प्रेक्षकांना पुढील सामन्यासाठी जी चिठ्ठी मिळे, तिचे हे नाव आहे; म्हणून ‘आज जमणार नाही, पुन्हा कधीतरी येईन’ असा तो सौम्य नकार ठरतो.

बोलणारा कोणत्या देशाचा आहे, याकडेही लक्ष द्यावे. बैठकीत एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. अशा ठिकाणी तर्क न लढवता ‘शॅल वी डिस्कस इट टुडे?’ असे साध्या शब्दांत विचारून घ्यावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश ऑनलाइन विनामूल्य पाहता येतात. त्यांत सुटा शब्द न शोधता संपूर्ण वाक्प्रचार शोधावा आणि ‘इन्फॉर्मल’ असा शेरा असल्यास तो अवश्य वाचावा. वहीत अर्थासोबत ऐकलेले मूळ वाक्य, ते कोण कोणाला म्हणाले आणि प्रसंग कोणता होता, हेही लिहावे. ठाणे-वाशी लोकलमधील वेळ या उजळणीसाठी पुरेसा असतो.

वाक्प्रचार स्वतः वापरण्याची घाई मात्र करू नये. ‘नाकी नऊ’ आले, त्यांचे जसे आपण दहा करत नाही, तसेच इंग्रजी वाक्प्रचारांतील शब्दही बदलता येत नाहीत. म्हणून निरनिराळ्या व्यक्तींच्या तोंडून तो अनेकदा ऐकल्यावर प्रथम मित्रमंडळींशी बोलताना वापरावा आणि ग्राहकाला लिहायच्या ईमेलमध्ये साधे, सरळ शब्दच ठेवावेत.