रिपोर्टमधला शब्द शेपटीकडून वाचा

वैद्यकीय शब्द कितीही लांबलचक असला तरी तो बहुतेक वेळा दोन-तीन ग्रीक किंवा लॅटिन तुकडे जोडून केलेला असतो. तो फोडताना सुरुवात शेपटीपासून करावी. शेपटी सांगते काय झाले आहे, मधला भाग सांगतो कुठे झाले आहे, आणि पुढे काही जोडलेले असेल तर ते कमी-जास्त, वर-खाली असा तपशील देते.

सोनोग्राफीच्या कागदावरचा हिपॅटोस्प्लीनोमेगाली घ्या. ‘मेगाली’ म्हणजे आकार वाढणे, ‘स्प्लीनो’ म्हणजे प्लीहा, ‘हिपॅटो’ म्हणजे यकृत. यकृत आणि प्लीहा दोन्ही मोठी झाली आहेत, एवढाच अर्थ. डेंग्यूच्या दिवसांत कानावर पडणारा थ्रॉम्बोसायटोपीनिया असाच सुटतो: ‘पीनिया’ म्हणजे तुटवडा, ‘सायटो’ म्हणजे पेशी, ‘थ्रॉम्बो’ म्हणजे गुठळी. गुठळी करणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी. (खरे तर प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हेच; अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशीचा तो तुकडा असतो. नाव मात्र पेशीचेच पडले.)

रोज लागणाऱ्या शेपट्या फार नाहीत. ‘आयटिस’ म्हणजे दाह, आणि दाह म्हणजे जंतुसंसर्गच असे नाही. गुडघ्याचा आर्थ्रायटिस जंतूंशिवायही होतो. ‘एमिया’ आले की गोष्ट रक्तातली, ‘यूरिया’ आले की लघवीतली: हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त जाणे. शस्त्रक्रियेच्या तीन शेपट्या ऐकायला सारख्या वाटतात, पण त्यांत मोठा फरक आहे. ‘एक्टॉमी’त अवयव काढून टाकतात, ‘ऑटॉमी’त नुसता छेद देतात आणि ‘ऑस्टॉमी’त तोंड करून ठेवतात. कोलेसिस्टेक्टॉमीत पित्ताशय काढतात. कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर उघडतात.

‘ओमा’ने मात्र जपून. लायपोमा ही चरबीची साधी गाठ, कार्सिनोमा हा कर्करोग, हिमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त, आणि ग्लॉकोमात तर गाठ नसतेच, तो डोळ्याचा आजार आहे. म्हणून नुसत्या ‘ओमा’वरून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

पुढच्या तुकड्यांत सर्वांत घातक जोडी हायपो (कमी) आणि हायपर (जास्त). फोनवर त्यांचा घोळ हमखास होतो, आणि उपाय नेमके उलटे असतात. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली. तेव्हा शुद्धीवर असलेल्या रुग्णाला साखर द्यावी लागते. त्यामुळे ऐकणाऱ्याने लगेच विचारावे: कमी की जास्त? ॲबडक्शन (अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे) आणि ॲडक्शन (मध्यरेषेकडे आणणे) यांचेही तसेच, म्हणून ते सांगताना अक्षर सुटे करून उच्चारण्याची पद्धत आहे.

आता दिशा. शरीररचनाशास्त्रात माणूस कसाही झोपलेला असो, वर्णन एकाच ठरलेल्या स्थितीवरून होते: सरळ उभा, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. स्वतः असे उभे राहून पाहा. अंगठा बाहेरच्या बाजूला गेला, म्हणून अंगठ्याकडचे रेडियस हाड ‘लॅटरल’ (बाहेरच्या बाजूचे) आणि करंगळीकडचे अल्ना ‘मेडियल’ (मध्यरेषेकडचे). तळवे मांडीकडे वळवून विचार केला की इथेच उत्तर चुकते. ‘प्रॉक्सिमल’ म्हणजे धडाजवळचे आणि ‘डिस्टल’ म्हणजे धडापासून लांबचे. डिस्टल रेडियसचे फ्रॅक्चर म्हणजे मनगटाजवळचे. पडताना हात टेकला की बहुधा हेच मोडते. डावे-उजवे नेहमी रुग्णाचे. छातीचा एक्स-रे समोर धरला की हृदयाची सावली आपल्या उजव्या हाताला झुकलेली दिसते, ती रुग्णाची डावी बाजू. सीटी स्कॅनच्या आडव्या चकत्या तर रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारख्या मांडतात, त्यामुळे यकृत आपल्या डावीकडे आणि मणका खाली येतो.

मराठी शब्दही कमी फसवत नाहीत. ‘नस दबली’ म्हणताना आपल्याला चेता (मज्जातंतू) म्हणायची असते, ‘नस सापडत नाही’ म्हणताना शीर, आणि ‘नस चढली’ म्हणताना बहुतेक वेळा स्नायूचा पेटका. डॉक्टरांना सांगताना मुंग्या येतात, बधिर वाटते की गोळा येतो, हे सांगितलेले बरे. ‘पोट दुखते’ यातले पोट म्हणजे बरगड्यांपासून जांघेपर्यंतचा सगळा भाग. अन्न जाते ते जठर. हिंदीत वाचणाऱ्यांनी जास्त सावध राहावे: मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक, हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला तिथे कोशिका म्हणतात. स्नायू हाडाला जोडते ती स्नायुरज्जू, हाड हाडाला जोडतो तो अस्थिबंध. काळीज म्हणजे मुळात यकृत, बोलताना आपण ते हृदयावर नेले. याउलट दंड, नडगी, पोटरी, खुबा, माकडहाड हे शब्द इतके नेमके आहेत की दुखण्याची जागा सांगताना तेच वापरावेत.

बायोप्सीच्या कागदावर पेशींची भाषा येते. ‘हायपरट्रॉफी’त पेशी आकाराने वाढतात, ‘हायपरप्लेझिया’त संख्येने. व्यायामाने दंड भरतो ती पहिली. उतारवयात प्रोस्टेट वाढते ती दुसरी, जरी सवयीने तिलाही हायपरट्रॉफी म्हटले जाते. ‘मेटाप्लेझिया’त एका जातीच्या पेशींची जागा दुसऱ्या जातीच्या पेशी घेतात, जसे धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनलिकांत घडते. ‘डिसप्लेझिया’त पेशींची ठेवण बिघडलेली असते. तो कर्करोग नव्हे, पण त्याकडे दुर्लक्षही चालत नाही. सौम्य की तीव्र हे पुढे लिहिलेले असते, ते वाचावे.

सारखे दिसणारे काही शब्द वेगळे लक्षात ठेवावे लागतात. ‘मायो’ म्हणजे स्नायू, पण ‘मायेलो’ म्हणजे अस्थिमज्जा किंवा मेरुरज्जू, संदर्भ पाहून. युरेटर दोन असतात, मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारे. युरेथ्रा एकच, मूत्राशयातून बाहेर जाणारी. इलिअम तर लहान आतड्याचा शेवटचा भागही आणि कमरेचे हाडही. रोमन लिपीत एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत तोही उरत नाही, तेव्हा आतडे की हाड हे विचारूनच घ्यावे.

आकडा वाचण्याआधी एकक पाहावे. प्लेटलेटपुढे नुसते १५० छापलेले पाहून घरोघरी धावपळ होते. तिथे एकक हजार प्रति मायक्रोलिटर असते, म्हणजे दीड लाख, आणि नेहमीच्या मर्यादेची खालची कड तीच. ‘अक्यूट’ म्हणजे अचानक सुरू झालेले, गंभीरच असे नाही. साधी सर्दीही अक्यूट असते. ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चाललेले. आणि एखाद्या अवयवापुढे ‘अनरिमार्केबल’ किंवा ‘एनएडी’ लिहिले असेल, तर तपासणाऱ्याला तिथे वावगे काही दिसलेले नाही.