ऑक्सिडेशन मोजताय? मग या चुका टाळा

पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत एम.एस्सी.ची मुलं दरवर्षी माझ्याकडे प्रोजेक्टला येतात. पेशीवर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंचा ताण) आला की सिग्नल सांभाळणाऱ्या एन्झाइमचं काय होतं, हा त्यांचा आवडता विषय. चुका मात्र ठरलेल्या. पेशी फोडली म्हणजे रसायनं थांबली असं त्यांना वाटतं. ती थांबत नाहीत. बर्फातल्या ट्यूबमध्येही चरबी जळत राहते, आणि बफरमध्ये, म्हणजे पेशी ज्या द्रावणात फोडतो त्यात, नको ती वस्तू असेल तर पेशीत खरोखर झालेलं ऑक्सिडेशन पुसलंही जातं.

लायसिस बफरमधलं डीटीटी

लायसिस म्हणजे पेशी फोडणं, आणि डीटीटी म्हणजे ऑक्सिडेशन उलटवणारं एक थायोल (गंधक-हायड्रोजन गट असलेलं रसायन). ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. डिचोलीची एक हुशार मुलगी पीटीपी१बी या एन्झाइमवर काम करत होती. जीवरसायनशास्त्रज्ञ निकोलस टॉन्क्स यांनी १९८८ मध्ये मानवी वारेतून शुद्ध केलेलं हे फॉस्फेटेज इन्शुलिन रिसेप्टरवरचे फॉस्फेट काढून सिग्नल बंद करतं. त्याची सगळी ताकद २१५ क्रमांकाच्या सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लात आहे. इन्शुलिन आलं की पेशी स्वतःच थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते, त्या सिस्टीनचा गंधक ऑक्सिडाइझ होतो, एन्झाइम तात्पुरतं गप्प बसतं आणि सिग्नल पुढे जातो. २००३ मध्ये स्फटिकरचनांतून दिसलं की हा गंधक शेजारच्या नायट्रोजनशी बंध जोडतो. त्या बंधामुळे कायमचं नुकसान टळतं आणि थायोल मिळालं की एन्झाइम पुन्हा जागं होतं.

आता या मुलीचा प्रयोग बघा. पेशींना पेरॉक्साइड द्यायचं, पेशी फोडायच्या, पीएनपीपी (एन्झाइमने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) घालून ४०५ नॅनोमीटरला पिवळा रंग मोजायचा. कंट्रोल (पेरॉक्साइड न दिलेल्या पेशी) आणि ट्रीटमेंट, दोन्ही सारखेच पिवळे. तिने डोस २०० मायक्रोमोलरवरून ५०० केला, मग १ मिलिमोलर. शेवटी पेशीच तळ सोडून तरंगायला लागल्या, तरी फरक नाही. तीन महिने गेले. "मॅडम, हे एन्झाइम ऑक्सिडाइझच होत नाही," असं ती म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वही मागितली. लायसिस बफरच्या यादीत शेवटची ओळ: डीटीटी, १ मिलिमोलर. जुन्या थिसिसमधून जशीच्या तशी उतरवलेली. पेशीत जे घडलं होतं ते पेशी फुटताक्षणी डीटीटीने उलटवून टाकलं होतं.

उतरवलेल्या रेसिपीवर माझा राग आहे तो यासाठी. प्रत्येक घटकापुढे "हा इथे का?" हे लिहिल्याशिवाय मी आता कुणाला बफर बनवू देत नाही.

माझी पद्धत: लायसिस बफरमध्ये डीटीटी नाही, त्याच जातीचं मर्कॅप्टोइथेनॉलही नाही. बफरमधली हवा काढून घ्यायची आणि त्यात आयोडोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ताजं घालायचं, उजेडापासून लपवून. शाबूत असलेल्या सिस्टीन त्याने कायमच्या बंद होतात, ऑक्सिडाइझ झालेल्या बचावतात. मग ते काढून टाकून डीटीटी द्यायचं. जी क्रिया परत येते, तेवढंच एन्झाइम पेशीत ऑक्सिडाइझ झालेलं होतं. तेही डीटीटी त्याच वेळी बनवलेलं हवं. २० अंशांवर पीएच ८.५ ला त्याचं अर्धायुष्य जेमतेम दीड तास आहे. सकाळचं डीटीटी दुपारी वापरणाऱ्याला मी प्रयोग पुन्हा करायला लावते.

बांगडा आणि गुलाबी रंग

चरबीचं ऑक्सिडेशन मोजायला मुलं बांगडा आणतात, कारण तो स्वस्त आणि तेलकट. पण १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद. या ६१ दिवसांत बाजारात दिसणारा बर्फातला बांगडा किती दिवसांचा आहे, ते विकणारीलाही सांगता येत नाही. असा मासा कंट्रोल म्हणून घेतलात तर बेसलाइन आधीच चढलेली. ऑगस्ट येऊ द्या, पहाटे मालिमच्या मासेमारी जेटीवर जा, बर्फ आणि ईडीटीए (लोह बांधून ठेवणारं रसायन) घातलेलं सलाइन सोबत न्या. रक्त धुऊन काढा, कारण त्यातलं लोह चरबी पेटवतं. तांबडं मांस आणि पांढरं मांस वेगळं ठेवा. तांबड्यात चरबीही जास्त, लोह असलेलं मायोग्लोबिनही जास्त.

मग सॅम्पल थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिडबरोबर ९५ अंशांवर तापवतात; चरबी जितकी ऑक्सिडाइझ झालेली, तितका गुलाबी रंग येतो. पण तापवतानाच नवीन ऑक्सिडेशन होतं. बीएचटी हे ऑक्सिडेशन रोखणारं रसायन आधी घाला, होमोजिनाइझ करतानाच (मांस वाटतानाच). बफरमध्ये साखर नको. सुक्रोजही या अभिक्रियेत रंग देतं. कोकमाच्या पातळ पाण्यासारखा स्वच्छ गुलाबी रंग यायला हवा. नारिंगी झाक दिसली तर ५३२ नॅनोमीटरचा (गुलाबी रंगाच्या मोजमापाचा) आकडा लिहूनच घेऊ नका. आणि उणे २० चा डीप फ्रीझर ही तिजोरी नव्हे, तिथेही मासा खवट होतो. उणे ८० मिळत नसेल तर त्याच दिवशी मोजा, रात्र झाली तरी.

आणखी एक: चरबीच्या ऑक्सिडेशनमधून येणारा ४-एचएनई हा अल्डिहाइड कीप१सारख्या (ऑक्सिडेटिव्ह ताण ओळखणाऱ्या) प्रथिनांच्या सिस्टीनला चिकटतो म्हणून प्रसिद्ध आहे, पण तो ओमेगा-६ पासून बनतो. बांगड्याची चरबी ओमेगा-३ ची, तिच्यातून ४-एचएचई हा त्याचा भाऊबंद येतो. एचएनईची महागडी अँटिबॉडी मागवण्याआधी हे बघा.

बाकीच्या

डीसीएफडीए हे पेशीतलं ऑक्सिडेशन दाखवणारं रसायन चमकलं म्हणजे पेरॉक्साइड वाढलं असं लिहू नका. लोह आणि पेरॉक्सिडेजही त्याला चमकवतात, मायक्रोस्कोपचा उजेडसुद्धा.

पेशी वाढवायच्या मिडियममध्ये पायरुव्हेट आहे का, ते लेबलवर वाचा. ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं.

"पीकेसी ऑक्सिडेशनने बंद पडतं," असं पीकेसी या सिग्नल पुढे नेणाऱ्या एन्झाइमबद्दल एका वाक्यात लिहू नका. नियामक भागातल्या सिस्टीन ऑक्सिडाइझ झाल्या तर ते चालू होतं, उत्प्रेरक भागातल्या झाल्या तर बंद. डोस आणि वेळ सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आणि पेरॉक्साइडची बाटली. ३० टक्के म्हणजे सुमारे ९.८ मोलर, पण फक्त नव्या बाटलीत. हजारपट पातळ करून क्वार्ट्झ क्युवेटमध्ये (मोजायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) २४० नॅनोमीटरला प्रकाशशोषण वाचा, ०.४३ च्या आसपास यायला हवं. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत तेच गाळलं जातं. मागच्या पावसाळ्यात उघड्या बाटलीचं वाचन ०.१९ आलं. मुलगा ज्याला ५०० मायक्रोमोलर म्हणत होता ते २२० होतं, महिनाभरापासून. आता बाटली उघडल्याची तारीख आणि दर सोमवारचं वाचन मार्करने बाटलीवरच लिहिलं जातं.