घरून डेटा एन्ट्री करणाऱ्या ताईला केसेसची शीट देताना

आमच्या संस्थेत कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस येतात, फॉर्म हाताने भरतो आणि ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम दुसऱ्या जिल्ह्यातली एक ताई घरून करते. या कामाबद्दल कोणालाही विचारा, एकच सल्ला मिळतो: करारावर सही घ्या, पासवर्ड कडक ठेवा. करार कराच, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम बाहेरच्या माणसाने केलं तरी जबाबदारी संस्थेचीच धरलीय आणि सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण सही घेतली म्हणून नावं झाकली जात नाहीत.

ताईला संस्थेचा वेगळा ईमेल आयडी काढून द्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, गूगल शीट त्या आयडीलाच शेअर करा, लिंक मिळेल त्याला उघडेल अशी कधीच नको. आधार लागलंच तर मास्क्ड घ्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

आता खरं अवघड काम, नावं वेगळी काढणं. इथे मी दोनदा चुकलेय. पहिल्यांदा नाव, फोन, पत्ता हे कॉलम हाइड केले, शीट प्रोटेक्ट केली आणि निश्चिंत झाले. दोन महिन्यांनी ताईचाच फोन, "मॅडम, मी शीटची कॉपी काढली तर त्यात सगळ्यांची नावं उघडता येतायत हो." माझे हातपाय गार पडले, कारण त्या यादीत एक बाई अशी होती की तिचा नवरा तिचा नवा पत्ता शोधत गावोगाव फिरत होता. ताई प्रामाणिक म्हणून निभावलं.

मग दुसरी फाइल केली आणि मूळ फाइलला इम्पोर्टरेंजने, म्हणजे एका शीटमधला डेटा दुसरीत ओढून आणणाऱ्या फॉर्म्युल्याने, जोडली, तेही चूकच. एकदा परवानगीचं बटण दाबलं की त्या दुसऱ्या फाइलमध्ये एडिट करू शकणारा कोणीही मूळ फाइलचा कुठलाही भाग ओढून आणू शकतो. मूळ फाइलमधूनच कॉलम डिलीट करून ती दिली तरी व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे फाइलच्या आधीच्या आवृत्त्यांत, जुनं सगळं तसंच असतं. म्हणून कोरी नवीन फाइल उघडा आणि तिच्यात लागतील तेवढेच कॉलम फक्त व्हॅल्यू म्हणून, फॉर्म्युला न आणता, पेस्ट करा, दुसरा कुठलाही शॉर्टकट मी मानत नाही.

नावाच्या जागी कोड टाका, पण "सु-पेठ-८७" असला नको, पेठची सुनीता, जन्म ८७ चा, हे गावातलं कोणीही ओळखेल. कसलाही अर्थ नसलेला नंबर द्या आणि कोणता नंबर कोणाचा ते रजिस्टर ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवा. आणि नाव काढलं की झालं असंही नाही, ४० घरांच्या पाड्यात "वय २३, जुळ्या मुली, नवरा ड्रायव्हर" एवढं वाचलं तरी बाई कळते, त्यामुळे पाड्याऐवजी तालुका लिहा आणि वयाऐवजी वयोगट. सगळ्यात धोक्याचा कॉलम म्हणजे शेरा. समुपदेशक घाईत तिथे "सध्या भावाकडे, अमुक गावी" असं लिहून जातात. हा कॉलम मी स्वतः ओळ न् ओळ वाचते, कितीही वेळ लागो.

फॉर्मचंही तेच. आम्ही तो दोन पानी केला, नाव-पत्ता पहिल्या पानावर आणि ते पान ऑफिसबाहेर जातच नाही, दुसऱ्या पानावर कोड टाकून तेवढंच स्कॅन करतो. त्यात कुठे नाव आलंच तर स्कॅन करायच्या आधी त्यावर कागदाची पट्टी ठेवा, पीडीएफमध्ये वरून काळा चौकोन काढू नका, तो बऱ्याचदा उचलता येतो. स्कॅन गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमधूनच द्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ताईच्या फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो आणि घरातला फोन मुलांपासून सासऱ्यांपर्यंत सगळे हाताळतात.

काम संपलं की त्याच दिवशी ॲक्सेस काढा. पण डाउनलोड झालेली फाइल त्याने जात नाही, म्हणून व्हिडिओ कॉलवर ताईसोबत बसून फोल्डर डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामी करा आणि तो तास तिच्या कामाचा धरून पैसे द्या.