क्लच घसरतो, पण प्लेट शाबूत

साळ्याची दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार. परतवाड्यापर्यंत मक्खन, पण चिखलदऱ्याच्या घाटात एक्सलेटर दाबला की आरपीएम चढे अन् वेग जागेवरच. तेही फक्त उन्हात, गाडी तापल्यावर. गॅरेजवाला म्हणे, "प्लेट गेली ना भाऊ, गिअरबॉक्स उतरवा लागते."

मला पटेना. सकाळी हीच प्लेट घट्ट धरायची. हायड्रॉलिकमध्ये (पेडलचा दाब ऑइलनं क्लचपर्यंत नेणारी यंत्रणा) हवा शिरली असती तर क्लच सुटला नसता, गिअर करकरले असते. इथं उलटं: पाय काढला तरी दाब आत अडकून राहतो, क्लच अर्धवट दाबलेलाच, अशी शंका.

क्लच घसरायला लागला तशी गाडी सागाच्या सावलीत लावली. पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरजवळचा पाइपाचा नट जरा ढिला केला. ऑइलची चिळकांडीच उडाली! (डोळे सांभाळा, अन् हे ऑइल रंग खातं.) नट परत आवळला, तीच गाडी त्याच चढावर झकास चढली. प्लेट शाबूत. दाब इथंच सुटला, म्हणजे पुढचा होजही (रबरी नळी) बरा. क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा निप्पल खोलल्यावरच सुटला असता तर होज आतून फुगला समजायचं.

दोष पेडलच्या पुशरॉडमध्ये (मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) होता. मास्टर बदलताना कोणीतरी तो जास्त लांब करून बसवलेला. पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, ऑइलच्या टाकीकडं जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राही. तापून फुगलेलं ऑइल जाणार कुठं? लॉकनट ढिला करून एक मिलिमीटरभर फ्री प्ले (मोकळी जागा) दिला, डॉट ४ (ब्रेक-क्लचचं ऑइल) नवं भरलं. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, रबरी सील फुगतात.