बंद ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली उंदराने घर करू नये म्हणून

उंदीर ट्रॅक्टरमध्ये शिरतो तो वायर खायला नव्हे. त्याला कोरडी, अंधारी आणि मांजराचा पंजा पोचणार नाही अशी जागा हवी असते, ती बॉनेटखाली आयती मिळते. कुरतडणं हे नंतरचं. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला काहीही चालतं. नव्या गाड्यांच्या वायरीत सोयाबीन असतं म्हणून उंदीर लागतात, असं चावडीवर ऐकू येतं; पण तीस वर्षं जुन्या ट्रॅक्टरची साधी पीव्हीसी वायरही तो तितक्याच निगुतीने सोलतो.

जपायचे काळ दोन. पेरणी उरकली, पाऊस लागला, वाफसा नाही म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर शेडमध्ये अडकतो, आणि नेमकी तेव्हाच बांधावरची बिळं पाण्याने भरतात. दुसरा काळ खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी झाल्यानंतरचा. रान मोकळं झालं की उंदीर घराकडे, गोठ्याकडे, पोत्यांकडे सरकतात. घरटं कशाचं, हे भागावर ठरतं: उसाच्या पट्ट्यात पाचट, सोयाबीनच्या भागात भुसकट आणि गोणपाटाच्या दशा, वऱ्हाडात घरात साठवलेल्या कापसाचे पुंजके. यातलं कापसाचं घरटं सगळ्यांत वाईट. तापलेल्या मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या पाइपाला) कापूस टेकला की धुमसायला वेळ लागत नाही.

घरटं कुठे सापडतं

बॅटरीच्या ट्रेमध्ये आणि बॅटरीखाली, रेडिएटर आणि पंख्याच्या आवरणाच्या मधल्या फटीत, डायनामोच्या मागे, डॅशबोर्डच्या आत, सीटखाली गिअरबॉक्सच्या माथ्यावर. या जागा बघायची सवय बहुतेकांना असते. राहतात त्या दोन: इंजिनाची हवा गाळणारा एअर क्लीनर आणि क्लच ज्यात बसतो ते क्लच हौजिंग. महागात पडतात त्याही याच.

एअर क्लीनरचं असं की, वायर तुटली तर ट्रॅक्टर सुरूच होत नाही, म्हणजे निदान कळतं तरी. पण एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होजला बोटाएवढं भोक पडलं, किंवा कागदी फिल्टरची घडी कातरली गेली, तर ट्रॅक्टर नेहमीसारखाच चालतो. फक्त रोटाव्हेटरची सगळी धूळ गाळल्याशिवाय सिलिंडरमध्ये जात राहते. रिंगा आणि लायनर घासतात, इंजिन ऑइल पिऊ लागतं, आणि धूर दिसेपर्यंत काम इंजिन खोलण्यावर आलेलं असतं.

क्लच हौजिंगला खाली किंवा बाजूला तपासणीचं झाकण असतं. क्लचचं काम झाल्यावर ते परत न बसवण्याची पद्धत सर्रास आहे. तिथून उंदीर आत गेला की चिंध्या प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मध्ये ओढल्या जातात; मग क्लच घसरतो किंवा पूर्ण सुटत नाही.

आधी जागा, मग जाळी

ट्रॅक्टर भिंतीपासून आणि पोत्यांपासून चहूबाजूंनी किमान २ फूट सुटा उभा करा. कडब्याची गंजी, सरकी पेंड, कोंबड्यांचं खाद्य त्याच शेडमध्ये असेल, तर खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात हलवा. प्लास्टिकचं पिंप उंदीर पोखरतो. ट्रॉली सोडून ठेवा. भिंतीला टेकवलेला नांगर किंवा वरून लोंबणारा दोर मशीनला लागलेला असेल तर तो उंदराचा जिना होतो. टायरवरून तो चढतोच, ते थांबवता येत नाही. पण चारी बाजूंची उघडी जमीन ओलांडायला तो कचरतो, आणि मांजरालाही फिरायला वाट राहते.

शेडमध्ये असताना बॉनेट उघडं ठेवण्याची जुनी चाल चांगली आहे. उजेड आणि वारा असेल तिथे मादी सहसा पिल्लं घालत नाही. मात्र वरून पत्रा गळत नाही ना, ते बघा.

आता भोकं. घरातल्या लहान उंदराला ६ मिमी फट पुरते. ज्या फटीतून पेन्सिल जाते तिथून उंदीर जातो, एवढा हिशेब धरा. हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची चौकोनांची जस्ताची तारजाळी आणा, मीटरभर पुष्कळ होते. प्लास्टिकची मच्छरदाणी जाळी एका रात्रीत फाटते.

एअर क्लीनरच्या तोंडावर, म्हणजे हवा जिथून आत शिरते त्या प्री-क्लीनरच्या बाहेरून, जाळीचा तुकडा गुंडाळून होज क्लिपने आवळा. इथे फडकं कोंबायचा मोह होतो. कोंबू नका. विसरून इंजिन सुरू केलं तर फडकं आत खेचलं जातं. जाळी विसरली तरी हवा जात राहते.

क्लच हौजिंगचं झाकण नसेल तर आधी ते बसवा. तळाला जे छोटं भोक असतं, बऱ्याचदा त्यात कॉटर पिन लोंबत असते, ते एम-सीलच्या लांबीने बुजवू नका. सील गळलं तर ऑइल तिथून बाहेर पडावं आणि मालकाला दिसावं, म्हणूनच ते ठेवलेलं आहे. पिन गेली असेल तर नवी घाला.

सायलेन्सरची झडप गंजून उघडी राहिली असेल तर पत्र्याचा डबा पालथा घाला आणि स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा, म्हणजे डबा काढायची आठवण राहील. डॅशबोर्डखाली वायरिंग जिथून आत जातं तिथलं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रबरी कडी) फाटलं असेल तर बदला.

बॅटरी

१० दिवसांहून जास्त उभा राहणार असेल तर बॅटरीचं टर्मिनल सोडा. आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीकडून सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलला बहुतेक ट्रॅक्टरांत फ्यूज नसतो आणि चावी बंद असली तरी तिच्यात करंट असतो. उंदराने तिचं आवरण सोलून ती बॉडीला टेकली तर शेडला आग लागू शकते. दोन मिनिटांचं काम आहे.

आठ दिवसांचा फेरा

घरउंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते. घरटं बांधायला तिला एक-दोन रात्री पुरतात. म्हणून आठ दिवसांनी एकदा बॉनेट उघडून हात फिरवला तर पिल्लं होण्याआधीच बहुतेक घरटी मोडली जातात. त्याच वेळी टर्मिनल जोडून ट्रॅक्टर २०-२५ मिनिटं चालवून आणा. जागेवर पाच मिनिटं घुरघुरवून बंद करण्याने बॅटरीही भरत नाही आणि इंजिनात ओल राहते.

डांबरगोळ्या, कापूर, तंबाखूच्या काड्या, पुदिन्याचं तेल: पहिले काही दिवस वास येतो, मग उडून जातो. ज्याला दर आठवड्याला बदलायचा उत्साह आहे त्याने करावं. तेवढाच वेळ पिंजऱ्याला दिला तर जास्त पदरात पडतं. पिंजरे दोन-तीन लावा, भिंतीच्या कडेने, कारण उंदीर भिंत धरून चालतो. आमिष म्हणून खोबऱ्याचा भाजलेला तुकडा किंवा शेंगदाण्याचा कूट गुळात मळून. पहिल्या दोन रात्री पिंजरा न अडकवता नुसतं खाऊ द्या. चिकट पाटीवर पाली आणि लहान साप अडकतात, ती टाळलेली बरी. झिंक फॉस्फाइड गोठ्याच्या शेडमध्ये नकोच: त्यावर उतारा नाही, आणि विष खाल्लेला उंदीर मरायला बऱ्याचदा आपल्या घरट्यातच, म्हणजे तुमच्या बॉनेटखाली जातो.

घरटं सापडलंच तर

हवेच्या पाइपने उडवू नका. लेंड्या आणि मुताची धूळ नाकात जाते. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. रबरी हातमोजे, तोंडाला मास्क. बॅटरी आधी बाहेर काढा, कारण ब्लीच आणि बॅटरीचं ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. मग १ भाग द्रव ब्लीच, ९ भाग पाणी करून घरटं भिजवा, ५ मिनिटं थांबा, आणि ओलंच उचलून पिशवीत भरा. ॲल्युमिनियमच्या भागांवर ब्लीच राहू देऊ नका, साबणाच्या पाण्याने पुसून काढा. रेडिएटरच्या जाळीत भुसकट असेल तर पंख्याच्या बाजूने पुढे, कमी दाबाचं पाणी मारा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत बसतो.

वायरचं नुसतं आवरण गेलं असेल तर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. तांब्याचे पदर तुटले असतील तर तेवढा भाग कापून त्याच जाडीची वायर डाग देऊन (सोल्डर करून) जोडा. पिळून टेप मारलेला जोड कंपनाने पहिल्याच नांगरटीत सैल होतो. फ्यूज उडत असेल तर जाड तार घालू नका. उंदराने दुसरीकडेही दात लावलेत, एवढाच त्याचा अर्थ.

पुन्हा सुरू करताना

सेल्फ मारण्याआधी पंखा हाताने थोडा फिरवून बघा, कुठे काही अडतंय का. एअर क्लीनर उघडून फिल्टर उन्हाकडे धरा. ठिपका उजेड दिसला तर तो गेला. ऑइल बाथ, म्हणजे तेलातून हवा गाळणारा एअर क्लीनर असेल तर त्याचा वाडगा काढा, मेलेला उंदीर तिथेच तरंगत असतो. डिझेलच्या रबरी नळ्या चिमटीत दाबून ओल तपासा. मग सुरू करा, बॉनेट उघडं ठेवून १० मिनिटं जवळ उभे राहा, पाण्याची बादली हाताशी असू द्या आणि तापमानाचा काटा बघत राहा. जळक्या केसांसारखा वास आला की लगेच बंद करा: मॅनिफोल्डच्या मागे अजून काहीतरी शिल्लक आहे. पेटलंच तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून मगच पाणी मारा. डिझेल गळून पेटलं असेल तर पाणी नको, वाळू टाका.