प्रदर्शनाचा मराठी भिंत-मजकूर: फाईल ते भिंत

प्रदर्शनाच्या दारातला प्रस्तावनेचा मजकूर इंग्रजीत तासाभरात चिकटतो. मराठीत अर्धा दिवस धरा. संग्रहालयात डिझाइन इंटर्न म्हणून रुजू होणाऱ्याने हे काम आधी शिकावं, कारण पोस्टर चुकलं तर पुन्हा छापता येतं, भिंतीवरची चूक मात्र उद्‌घाटनाच्या दिवशी सगळ्यांना दिसते.

क्युरेटरकडून (प्रदर्शनाची आखणी करणाऱ्याकडून) आलेल्या फाईलचा फॉन्ट बदलून बघा. रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा, पण नंतर रफार, ‘ऱ्या’, ‘ट्र’ आणि ‘ॲ’ असलेले शब्द एकेक करून वाचा. ‘दुसऱ्या’, ‘ॲक्रिलिक’ असले शब्द हमखास बिघडतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ हा पर्याय निवडलेला हवा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर भाषा ‘मराठी’ करून पाहा. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, नसतील तर फॉन्टच बदला.

वस्तूजवळच्या पाटीला १८ ते २४ पॉइंट, भिंतीवरच्या मजकुराला निदान ३६. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. इंग्रजीचं अंतर तसंच उचललं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. पाटीवरचं साल, माध्यम, मापं आणि नोंदणी क्रमांक ईमेलमधून नव्हे, संग्रहालयाच्या नोंदवहीवरून घ्या. मापात उंची आधी, रुंदी नंतर.

आता व्हिनाईल, म्हणजे अक्षरं कापून भिंतीवर लावायचा चिकट प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. मजकूर आउटलाइन केल्यावर, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या केल्यावर, प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. पडद्यावर सगळं सलग काळं दिसतं, पण प्लॉटरचं (व्हिनाईल कापणाऱ्या यंत्राचं) पातं प्रत्येक रेघेवरून फिरतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. म्हणून इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधलं ‘युनाइट’ करून आकार एकत्र जोडा आणि आउटलाइन व्ह्यूमध्ये प्रत्येक शब्द तपासा. याचा एक फायदाही आहे: जोडलेला शब्द एकाच तुकड्यात उचलला जातो, इंग्रजीसारखी अक्षरं सुटी होत नाहीत. सुटे राहतात ते अनुस्वार. शिरोरेषेखाली अक्षराची उंची दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर नको असलेलं व्हिनाईल सोलताना ते ठिपकेही निघून येतात. तेवढ्या लहान मजकुरासाठी कापीव अक्षरं नकोतच, सरळ मॅट छपाई करून घ्या. मोठ्या अक्षरांसाठीही चार-पाच ठिपके जास्तीचे कापून ठेवा, लागतातच. फॉन्ट मध्यम जाडीचा निवडा, बारीक काना सोलताना ताणला जातो.

ताज्या रंगावर व्हिनाईल धरत नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो. कोपऱ्यात एक शब्द चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी कडा उचलल्या असतील तर थांबणंच बरं. जुन्या इमारतीत भिंतीला खिळा ठोकायची परवानगी गृहीत धरू नका. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची वास्तू १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली, अशा ठिकाणी स्वतंत्र उभे पॅनल बरे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतल्या दालनांत भिंती अर्धगोल आहेत. तिथे पाच मिलिमीटरचा लांब सनबोर्ड (फोमचा ताठ बोर्ड) भिंतीला नीट टेकत नाही, व्हिनाईल मात्र वळणाबरोबर जातं.

चिकटवताना लेझर लेव्हलची रेघ शिरोरेषेवर धरा, तळाशी नव्हे. मराठी ओळीचा तिरकेपणा डोळ्याला शिरोरेषेतूनच कळतो. मजकुराचा मध्य जमिनीपासून साधारण १४० सेंटिमीटरवर ठेवा. कागदावरची चित्रं आणि वस्त्रं सहसा ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात ठेवतात, म्हणून तिथल्या पाटीवर करडी अक्षरं चालत नाहीत. फिकट मॅट पार्श्वभूमीवर काळी अक्षरं घ्या, चकचकीत लॅमिनेशन तर मुळीच नको. छापील मजकुराचा काळा रंग फक्त ‘के १००’, म्हणजे एकट्या काळ्या शाईचा, ठेवा. चारही शाईंचा काळा लहान अक्षरांत किंचित सरकला तरी रंगीत कडा दिसतात. शोकेसच्या आत ठेवायच्या पाट्या आम्लरहित बोर्डावरच करा आणि ताज्या सॉल्व्हंट (द्रावकयुक्त) शाईच्या नकोत, तिची वाफ बंद काचेत वस्तूला बाधते.

प्रदर्शन उतरवताना व्हिनाईल हेअर ड्रायरने कोमट करून कोपऱ्यापासून, भिंतीला जवळपास समांतर धरून हळू ओढा. सरळ बाहेर ओढलं की रंगाची पापुद्री सोबत येते आणि पुढच्या प्रदर्शनाच्या बजेटात पुटीचा खर्च वाढतो.