लेझरचं टच टेबल बनवताय? या चुका टाळा

कोपऱ्यात टच लागत नाही, एकाच बोटाचे दोन ठिपके दिसतात, दुपारनंतर सगळंच मंदावतं. तक्रार कुठलीही असो, नवशिक्याचा उपाय ठरलेला: सॉफ्टवेअरमधला थ्रेशोल्ड, म्हणजे ठिपका किती उजळ असला की टच धरायचा ती हद्द, खालीवर ओढत बसायचं. दोष बहुतेक वेळा टेबलातच असतो.

रचना साधी आहे. ॲक्रिलिकच्या चारही कोपऱ्यांत ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड लेझर बसवायचे आणि प्रत्येकावर किरणाला रेषेसारखा पसरवणारी लाइन लेन्स लावायची, म्हणजे पृष्ठभागालगत साधारण १ मिलिमीटर जाडीची प्रकाशाची चादर पसरते. बोट तिच्यात शिरलं की उजळतं आणि खालच्या कॅमेऱ्याला ठिपका दिसतो.

आधी डोळे. लाल लेझर डोळ्यावर आला तर पापणी आपोआप मिटते. ८५० नॅनोमीटरचा लेझर जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. लाइन लेन्स बसवल्याशिवाय वीज जोडायची नाही. गॉगल त्याच तरंगलांबीचा हवा, लाल लेझरचा चालत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून लेझर बंद आहे असं समजू नका, कारण बऱ्याच मोबाइलमध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. टेबलाभोवती काळी, अपारदर्शक कड लावा, चादर तिथेच संपली पाहिजे. ५ ते २५ मिलिवॅटचे लेझर पुरतात. 'जरा जास्त पॉवरचा लावू' म्हणणाऱ्याला टेबलाजवळ येऊच देऊ नये.

आता सगळ्यात चकवणारी चूक: कॅमेऱ्याचा फिल्टर. घाईत १० नॅनोमीटर पट्ट्याचा बँडपास फिल्टर, म्हणजे फक्त ८४५ ते ८५५ नॅनोमीटरचा प्रकाश आत सोडणारा, घेतला जातो आणि कॅमेऱ्याच्या रुंद कोनाच्या लेन्ससमोर चिकटवला जातो. सकाळी टेबल झकास चालतं, फार तर अगदी टोकाला टच लागत नाही. दुपारी आधी कडांवरची बोटं पुसट होतात, मग मधलीही. मग केबल बदलली जाते, कॅमेऱ्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं जातं, दोन दिवस जातात. खरी भानगड अशी: लेझर डायोड तापला की तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटरने त्याची तरंगलांबी वाढते. २० अंश वाढले की ६ नॅनोमीटर, म्हणजे ८५० चा ८५६. फिल्टरची वरची हद्द ८५५! उलट, फिल्टरवर किरण तिरपे पडले की त्याचा पट्टा लहान तरंगलांबीकडे सरकतो. ३० अंशांच्या कोनाला हा फरक २० नॅनोमीटरहून जास्त असतो. दोघं विरुद्ध दिशांना पळतात, म्हणून कडा आधी मरतात. फिल्टर कॅमेऱ्याची लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये बसवा, पट्टा जरा रुंद घ्या, लेझरला ॲल्युमिनियमचं घर द्या. आणि चाचणी अर्धा तास टेबल चालू ठेवून घ्या, थंड लेझरवरची चाचणी घेऊन न घेतल्यासारखी.

चादर तिरकी असली की एका कोपऱ्यात बोट टेकायच्या आतच क्लिक होतं आणि दुसऱ्यात दाबूनही काही होत नाही. पृष्ठभागापासून २-३ मिलिमीटर उंची ठेवा. तेवढ्याच उंचीचा पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा टेबलभर सरकवत कॅमेऱ्याच्या चित्रात पाहा. जिथे तो विझतो, तिथे चादर वर गेलेली असते. एकावेळी एकच लेझर लावून जुळवा. चारही एकदम लावले तर कोण चुकतोय ते कळणार नाही. मोठ्या टेबलावर पातळ ॲक्रिलिक मधोमध खाली वाकतं, तेव्हा आधी त्याला आधार द्या.

दोनच लेझरवर भागवलं तर एका बोटाच्या सावलीत दुसरं लपतं.

लेझरचं तयार मॉड्यूल ३.२ व्होल्टचं असेल तर यूएसबीचे ५ व्होल्ट थेट देऊ नका. नुसत्या डायोडला ठरावीक करंट देणारं ड्रायव्हर सर्किट लागतं.

टेबलाखालचा कॅमेऱ्याचा खोका उथळ करायला घरचा आरसा वापरला की एका बोटाची दोन प्रतिबिंबं येतात: एक काचेवरून, एक मागच्या मुलाम्यावरून. पुढच्या बाजूला मुलामा असलेला आरसा घ्या.

खिडकीतलं ऊन आणि हॅलोजन दिवे इन्फ्रारेडने भरलेले असतात. पडदा ओढा, दिवा बदला.

कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन, म्हणजे उजेड आपोआप कमीजास्त करणं, बंद करा. टेबल रिकामं ठेवूनच पार्श्वभूमी टिपून घ्या. कॅमेरा केसभर हलला तरी कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यातल्या जागा टेबलावरच्या जागांशी जुळवणं, पुन्हा करा. ठिपके नीट दिसतात पण ॲप हलत नाही, तर ३३३३ हा पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमने धरलाय का ते बघा. टचची माहिती ॲपला कळवणाऱ्या टीयूआयओ या पद्धतीचे संदेश तिथेच येतात.